सिंहगडाची पायवाट आणि एक चुंबळ

मुलगा यंदा चौथीत. इतिहासात तानाजी मालुसरे आल्यापासून त्याने "आई, गडावर कधी जायचं?" असं टुमणं लावलं होतं. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघंच निघालो.

स्वारगेटहून सिंहगड पायथ्याला जाणारी पीएमपीची बस आतकरवाडीला सोडते. शक्य तितकी पहाटेची धरा. रविवारी उशीर झाला की पायवाटेवर गर्दीही होते आणि ऊनही चटकायला लागतं. माणशी दोन लिटर पाणी आणि दहा-वीसच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. बूट मात्र चांगल्या पकडीचेच हवेत.

चढण साधारण सहाशे मीटरची. रोज गड चढणारी मंडळी पाऊण तासात पुणे दरवाजा गाठतात. आम्हाला दोन तास लागले. लेकरू बरोबर असेल तर तेवढे धरूनच चला. वर देवटाकं पाहिलं, राजाराम महाराजांच्या समाधीला नमस्कार केला. ते १७०० साली इथंच गेले. मग तानाजींची समाधी. १६७० सालची ती रात्र लेकाने मला तिथे उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन आम्ही उतरायला लागलो.

उतरताना, निम्म्याहून थोडं खाली, मुरमावरून माझा पाय सटकला आणि घोटा मुरगळला. उठवेना. मुलगा रडवेला झाला, फोनला रेंज नव्हती, आणि या वाटेवर गाडी येत नाही.

जवळच एका दगडावर काकड्या विकणाऱ्या मावशी बसल्या होत्या. मी बुटाची नाडी सोडायला लागले तशी त्यांनी हात धरला. "बूट काढू नका बाई. एकदा काढला की सुजंनं परत पाय जायचा न्हाई." मग त्यांनी पाटीखालची चुंबळ उचलली आणि उलगडायला घेतली. जुन्या लुगड्याची, धुऊन धुऊन मऊ झालेली लांब पट्टी होती ती. बुटावरूनच, घोट्याभोवती तिरके वेढे घेत त्यांनी ती घट्ट आवळली. पाय टेकवता आला! आता पाटी त्या डोक्यावर कशी नेणार हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी दोनशेची नोट पुढे केली. मुलाच्या हातातल्या काकडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "काकडीचे वीस झाले. पायाचे कसले?"

तेवढ्यात एक पांढऱ्या टोपीतले काका थांबले. आठवड्यातून तीनदा गड चढतात म्हणे. त्यांनी हातातली काठी मला दिली, माझी सॅक स्वतःच्या खांद्याला लावली आणि पायथ्यापर्यंत एकच धोशा लावला, "गुडघे सैल, पावलं लहान, उतार जास्त असेल तिथं आडवं चालायचं." हे मी चढायच्या आधी ऐकलं असतं तर! तुम्ही तरी ऐका. घसरायला होतं ते उतरतानाच. गडावर असतानाच पाय दुखायला लागला तर पायवाटेचा हट्ट सोडा. वरच्या वाहनतळावरून खाली जायला जीप मिळते.

दोन कॉलेजची मुलं मला आधार द्यायला पुढे आली. मी सवयीने "नको नको, जमतंय" म्हणाले. काका म्हणाले, "ताई, घ्या आधार. अंधार पडायच्या आत लेकराला घरी न्यायचंय ना?" मी घेतला. बसमध्येही कंडक्टरने न सांगता पुढची सीट मोकळी करून दिली. परतताना खडकवासल्यापाशी रविवार संध्याकाळची गर्दी असतेच, तासभर जास्तीचा धरा.

महिन्याने पाय बरा झाल्यावर चुंबळ धुऊन, घडी करून आम्ही पुन्हा गेलो. दोन काकडीवाल्यांना विचारलं. तिसरीने वर हात केला, "ती वरच्या वळणावर बसती." मावशी तिथंच होत्या. चुंबळ हातात घेऊन त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, "चाललात ना नीट?" आणि मुलाला तिखटमीठ लावून काकडी दिली.

तिचे वीस रुपये मात्र त्यांनी मोजून घेतले.