अनेक हातांच्या लेखनाचे चित्र

श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात आमच्या नागपुरात झाली. त्या 23 खंडांतील कोणते वाक्य कोणाच्या हातचे, हे छापील पानावरून उमगत नाही, याची मला फार रुखरुख वाटते. विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा इतिहास जपलेला असतो. कोणी, केव्हा, काय बदलले याची तेथे नोंद असते. परंतु ती लांबलचक यादी वाचून लोकांनी एकमेकांच्या मजकुराचे काय केले, हे नजरेसमोर उभे राहत नाही.

2003 च्या सुमारास आयबीएममधील फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटेनबर्ग यांनी त्यासाठी ‘हिस्टरी फ्लो’ ही चित्रपद्धती तयार केली. लेखाची प्रत्येक आवृत्ती म्हणजे एक उभी रेघ, मजकूर वाढला की रेघही लांब होते. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र रंग दिलेला असतो आणि शेजारच्या दोन आवृत्त्यांत जो मजकूर टिकला, तो त्याच रंगाच्या पट्ट्याने जोडला जातो. चॉकलेटवरील इंग्रजी लेखात एका शिल्पप्रकाराचा उल्लेख एकाने घालावा आणि दुसऱ्याने काढावा, असा वाद रंगला होता. चित्रात त्या जागी करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उमटली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आवृत्त्यांमधील अंतराचा प्रश्न. आवृत्त्या समान अंतरावर मांडल्या, तर कोणी लेख पुसून टाकल्याची काळी फट ठळक दिसते. प्रत्यक्ष काळानुसार मांडल्या, तर ती जवळजवळ नाहीशी होते, कारण असा मजकूर बहुधा काही मिनिटांतच परत आणला जातो. दोन्ही चित्रे खरी आहेत, म्हणून ती शेजारी शेजारीच ठेवायला हवीत.

मराठी विकिपीडियासाठी आणखी एक काळजी घ्यावी लागेल. 2013 मध्ये विकिडेटाने, म्हणजे सर्व भाषांतील विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठाने, आंतरभाषिक दुव्यांचे (एकाच विषयावरील इतर भाषांतील लेखांकडे नेणाऱ्या दुव्यांचे) काम हाती घेईपर्यंत ते दुवे जोडण्याचे काम मुख्यतः सांगकामे, म्हणजे आपोआप संपादने करणारे संगणकीय प्रोग्राम (बॉट), करत असत. त्यामुळे जुन्या लेखांच्या इतिहासात त्यांच्या नोंदी भरपूर आढळतात. समान अंतराच्या चित्रात हीच यांत्रिक संपादने मोठी जागा व्यापतील आणि एखाद्या माणसाने चिकाटीने लिहिलेला परिच्छेद कोपऱ्यात ढकलला जाईल. सांगकाम्यांना एकच फिका रंग द्यावा आणि माणसांचे रंग गडद ठेवावेत, असे माझे मत आहे. ‘नागपूर’ या लेखाचे चित्र मी याच पद्धतीने काढायला घेतले आहे.