गेटवर बॅग मागितली तर आधी पाऊच काढा

सोलापूर–गोवा विमानसेवा ९ जून २०२५ला सुरू झाली. होटगी रोडवरून उडणारं हे विमान एटीआर ७२, पंख्यांचं आणि छोटं. डोक्यावरचे कप्पेही बेताचेच. ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची, नियमात बसणारी ट्रॉलीसुद्धा त्यात बऱ्याचदा मावत नाही. मग गेटवर किंवा थेट शिडीपाशी टॅग लावून ती विमानाच्या सामानाच्या कप्प्यात टाकतात. वजन ७ किलोच्या आत आहे म्हणून हुज्जत घालू नका, प्रश्न जागेचा असतो. (दुकानदाराने सांगितलेल्या मापात चाकं धरलेली नसतात, हेही लक्षात असू द्या.) मऊ कापडी बॅग असेल तर वाचण्याची शक्यता जास्त.

बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक बाहेर काढायचीच. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्याही. लिथियमची बॅटरी बिघडून तापली की तिच्यातली उष्णता आपली आपण वाढत जाते. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. सामानाच्या कप्प्यात उडताना कोण पोचणार? पॉवर बँकेची मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १००० म्हणजे ७४, चालते. आकडे पुसले गेलेली पॉवर बँक मात्र तपासणीतच अडकू शकते.

गोंधळ होतो तो या वस्तू कपड्यांच्या तळाशी असतात म्हणून. मागे रांग खोळंबलेली, आणि आपण जमिनीवर बॅग उघडून बसलेलो. त्यापेक्षा घरूनच एक चेनचा पाऊच बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा: पॉवर बँक, औषधं, चष्मा, किल्ल्या, दागिने, कागदपत्रं. लॅपटॉपही हातातच.

टॅगची पावती फाडून घ्या आणि एकच विचारा: बॅग उतरल्यावर विमानापाशी मिळणार की बेल्टवर? पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

शेंगाचटणी तेल सोडते, तेव्हा पुडी दुहेरी पिशवीत बांधा. कडक भाकरी मात्र ट्रॉलीत नकोच. पसरट डब्यात भरून पायाशी ठेवायच्या पिशवीत घ्या, नाहीतर पोचेपर्यंत तिचा चुरा झालेला असतो.