चावी खिशात, इंजिन चालूच

आमच्या जुन्या पद्मिनीनं मार्चपासून नवीनच खोड काढली. चावी बंद केली तरी इंजिन थांबेना. ढक्... ढक्-ढक्... ढक्. पाच-सहा सेकंद अख्खी गाडी हादरायची आणि मग मान टाकायची. समोरच्या गॅलरीतले काका रोज विचारायचे, "झाली का शांत?"

फारच लांबलं तर ब्रेक दाबून, टॉप गिअर टाकून क्लच हळूच सोडायचा. इंजिन दबून बंद पडतं. पण हा इलाज नव्हे.

पहिला संशय चावीच्या स्विचवर. नवा बसवला. पैसे गेले, ढकढक राहिली. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मुलीला चावी बंद करायला बसवलं आणि ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावून बघत राहिलो. इंजिन ढकढकतंय आणि दिवा विझलेला. म्हणजे प्लगला ठिणगी मिळतच नव्हती. आत काहीतरी इतकं तापलेलं होतं की पेट्रोल त्यावरच पेटत होतं. डिझेल इंजिनही ठिणगीशिवायच चालतं, म्हणून गॅरेजवाले याला डिझेलिंग म्हणतात ते उगाच नाही.

मिस्त्री म्हणाले, "इंजिनवरचं हेडचं झाकण उतरवा, आत कार्बन साचलाय." चूक नव्हतं ते. लालबुंद झालेला कार्बनचा कण ठिणगीचं काम करतोच. पण कार्बन काही मार्चमध्ये एकदम साचला नसणार, आणि हेड उतरवायचं म्हणजे खर्च. आधी फुकटातलं बघू म्हटलं.

तेव्हा आठवलं. दिवाळीत गाडी सिग्नलला बंद पडायची म्हणून मीच कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाचा, स्लोचा स्क्रू एक फेरा आवळला होता. जानेवारीत आणखी अर्धा. आणि इथंच घोळ होता. त्या स्क्रूनं थ्रॉटलची झडप जरा उघडी राहते. चावी बंद केल्यावर ठिणगी जाते, पण कार्ब्युरेटरला चावीचं काय? माझ्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलचं जेट बंद करणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) नाही. इंजिन फिरतंय तोवर पेट्रोल ओढतंय, आणि झडप उघडी असली की पेटायला पुरेल इतकं ओढतंय.

पण मुळात आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचं इंजिनचं हळू फिरणं, का पडलं होतं? प्रत्येक प्लगला पाळीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतल्या पॉइंटची, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्विचची, फायबरची टाच घासून गेलेली, गॅप जेमतेम उरलेली. गॅप मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पानही अडकत होतं. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. मिश्रण उशिरा जळतं, ताकद कमी, आणि उष्णता हेडमध्ये नि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. म्हणजे आत तापवणारं टायमिंग आणि वर पेट्रोल पुरवणारा मी.

नवे पॉइंट घातले, गॅप मॅन्युअलप्रमाणे लावली. टायमिंग लाइट नव्हता, म्हणून इंडिकेटरच्या बल्बवर भागवलं. एक वायर पॉइंटकडे जाणाऱ्या कॉइलच्या टोकाला, दुसरी बॉडीला. प्लग काढून, टॉप गिअरमध्ये गाडी इंच-इंच ढकलत पुलीवरची टायमिंगची खूण जुळवली, चावी चालू केली आणि डिस्ट्रिब्युटर, आतला रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेनं, केसभर केसभर फिरवला. बल्ब पेटला, तिथंच बोल्ट आवळला. पॉइंट उघडण्याचा क्षण तो.

प्लग बसवून गाडी चालू केली तर रेस इतकी चढली की मीच दचकलो. स्लोचा स्क्रू चांगला दीड फेरा मागे घ्यावा लागला. दिवाळीपासून मी आवळलेला सगळाच्या सगळा. मग पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू कानानं जुळवला. चावी बंद. शांतता.

मेमध्ये खंबाटकी घाट चढून पुढं सुरूरला चहाला थांबलो, तेव्हा बंद करताना दोनदा ढक् झालं. ती ढकढक मिस्त्रींच्या कार्बनची. हेड गणपतीनंतर उतरवणार आहे.