पटाशी, रंधा आणि रात्रीचे वर्ग

आपली कूलमाइन कम्युनिटी स्कूल १९७२ साली सुरू झाली, तेव्हा डब्लिनच्या या पश्चिम टोकाला अजून पुष्कळ शेतं होती. वाढतं शहर ब्लँचर्ड्सटाउन, टाला, क्लोंडॉल्किन आणि लुकनच्या बाजूला वसवावं, असं माइल्स राइट या नगररचनाकाराने १९६७ मध्ये सुचवलं होतं. घरं उभी राहू लागली, तशी शाळाही लागणारच होती. पण ती नेहमीच्या साच्यातली निघाली नाही, आणि म्हणूनच मला हे लिहावंसं वाटतं.

त्याआधी आयर्लंडमध्ये प्राथमिक शाळेनंतर दोन वाटा फुटत. एक कॅथलिक चर्चच्या नन्स आणि ब्रदर्सच्या (धर्मसेवकांच्या) सेकंडरी शाळांची, तिथून पुढे विद्यापीठ. दुसरी १९३० च्या कायद्याने आलेल्या ‘टेक’ची, म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळांची: सुतारकाम, धातुकाम, हिशेब ठेवणं. मूल कुठल्या वाटेने जाणार हे बरेचदा त्याच्या डोक्यापेक्षा घरच्या परिस्थितीवरून ठरे. शिक्षणमंत्री डोनो ओमॅली यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये मोफत माध्यमिक शिक्षण जाहीर केलं आणि वर्षभरात ते सुरूही झालं. ओमॅली १९६८ मध्ये, पन्नाशीच्या आतच गेले. त्यांच्यानंतर, पाड्रेग फॉकनर मंत्री असताना, १९७० मध्ये प्रस्ताव आला की दोन्ही वाटा एकाच छपराखाली आणाव्यात आणि संध्याकाळी ती इमारत परिसरातल्या लोकांसाठी खुली ठेवावी. शाळा कुणाच्या ताब्यात राहणार यावरून चर्च आणि स्थानिक शिक्षण समित्यांमध्ये भरपूर वाद झाले. तरी १९७२ मध्ये पहिल्या कम्युनिटी स्कूल उघडल्या. टालाची एक, आणि आपली.

२००३ मध्ये बाबांच्या नोकरीमुळे आम्ही नाशिकहून इथे आलो. मी बारा वर्षांची होते. विषय निवडायच्या कागदावर फ्रेंचच्या खाली सुतारकाम लिहिलेलं होतं, आणि मुलींनाही ते घेता येत होतं! आईला ते पटेना. मी घेतलंच.

ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. दाराशीच ताज्या लाकडाचा वास यायचा. पहिल्या वर्षी आम्ही दोन फळ्या खिळ्याशिवाय जोडायला शिकलो. पेन्सिलीने रेघ आखायची, करवतीने रेघेच्या आतल्या अंगाने कापायचं, मग पटाशीने खाच साफ करायची, तीही एकदम नाही, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, नाहीतर लाकडाचा टवका उडतो. जोड बसला की सर तो उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की रंधा परत हातात. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे वडील गवंडी होते, पलीकडच्या मुलीची आई डॉक्टर. तिघांची टेबलं सारखी आणि हत्यारंही सारखीच. जुन्या व्यवस्थेत आम्ही तिघं एका खोलीत कधी आलो नसतो, हे मला खूप नंतर, हा इतिहास वाचल्यावर उमगलं.

दुसऱ्याच वर्षी आईने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. ज्या खोलीत मी दिवसा भूगोल शिकायचे, तिथेच ती रात्री इंग्रजी बोलायला शिकायची. तिच्या वर्गात पोलंडहून आणि नायजेरियाहून आलेल्या बायका होत्या. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर शिकणाऱ्या एक आयरिश आजी मधल्या सुट्टीत आईशी गप्पा मारायच्या. त्यांची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली होती, कारण त्यांच्या काळी कायद्याने तेवढंच सक्तीचं होतं. ही वयोमर्यादा पंधरावर गेली ती १९७२ मध्ये, म्हणजे आपली शाळा उघडली त्याच वर्षी. त्या आजी आईला ‘कसं चाललंय गं?’ असं इतक्या मायेने विचारायच्या, की आई घरी येऊन आधी त्यांचंच सांगायची.

ज्युनिअर सर्टनंतर, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या बोर्डाच्या परीक्षेनंतर, ट्रान्झिशन इयर आलं आणि बाबा अस्वस्थ झाले. बोर्डाच्या परीक्षेशिवाय अख्खं वर्ष, म्हणजे वर्ष वायाच की! १९७४ पासून आयर्लंडमध्ये ही सोय आहे, शाळा सगळं नीट आखून देते, हे वर्गशिक्षिकांनी त्यांना शांतपणे समजावलं. त्या वर्षी मी एका बांधकामाच्या साइटवर कामाचा अनुभव घ्यायला गेले. हेल्मेट डोक्यावर ढिलं बसत होतं, पण नकाशावरची भिंत जमिनीवर कशी उतरते हे पहिल्यांदा तिथे पाहिलं. पुढे लीव्हिंग सर्टला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, कन्स्ट्रक्शन स्टडीज घेतलं आणि तिथून सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले. बाबा आता नाशिकच्या नातेवाइकांना ट्रान्झिशन इयरचे फायदे स्वतःहून सांगतात.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्यवस्थापन मंडळाला एक कळकळीची विनंती आहे. पुढे कितीही नव्या प्रयोगशाळा झाल्या, तरी सुतारकामाची खोली आणि संध्याकाळचे वर्ग यांच्या जागेला हात लावू नका. आणि ट्रान्झिशन इयरची दोन मुलं दरवर्षी आमच्या ऑफिसात कामाच्या अनुभवासाठी घ्यायची आमची तयारी आहे. तसं पत्र शाळेच्या कार्यालयात देऊन ठेवलं आहे. मुलींनी नक्की अर्ज करावा.