चपला कुठल्या होत्या?

म्हाताऱ्या माणसापुढे मोबाइल ठेवून 'युद्धाच्या आठवणी सांगा ना' म्हटलं, की भाषण सुरू होतं. आवाज चढतो, घरची बोली जाऊन पाठ्यपुस्तकातली भाषा येते. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, पण माणूस त्यात सापडत नाही.

हिरोशिमाच्या मोतोमाची शाळेतली मुलं मला म्हणून आवडतात. २००७पासून तिथले कलाशाखेचे विद्यार्थी अणुबॉम्बमधून वाचलेल्यांशी बोलून त्यांच्या आठवणी तैलरंगात रंगवतात. एकेक चित्र महिनोन् महिने चालतं. कच्चं रेखाटन दाखवायचं, चूक कळली की खोडायचं, पुन्हा विचारायचं. रंगवणाऱ्याचं 'फार भयंकर होतं' एवढ्यावर भागत नाही ना! धूर कुठल्या रंगाचा? ती बाई कुठल्या कुशीवर पडली होती? पायांत चपला होत्या का? कुणी विचारल्याशिवाय असलं काही आठवतसुद्धा नाही.

त्याच शहरात १९७४ साली एका वृद्धानं १९४५च्या ६ ऑगस्टचं, बॉम्ब पडला त्या दिवसाचं, स्वतः काढलेलं चित्र एनएचके या जपानी वाहिनीच्या कचेरीत नेऊन दिलं. मग वाहिनीनं आवाहन केलं आणि १९७५पर्यंत दोन हजारांवर चित्रं जमली. काढणारे साधेसुधे लोक. खडू, पेन्सिल, स्केचपेन, हाती लागेल तो कागद. जे चितारता येईना ते तिथेच कडेला लिहून टाकलेलं. खरं सांगायचं तर मला ही ओबडधोबड चित्रंच जास्त भिडतात. पण ती काढणारे हात आता फार थोडे उरले. मुलांच्या त्या चौकशांना म्हणूनच मोल आहे.

तो प्रयोग मी आमच्या आत्यावर केला. १९७१च्या डिसेंबरातला मुंबईचा ब्लॅकआउट तिनं गिरगावच्या चाळीत पाहिला. 'आपल्या शूर जवानांनी...' अशी तिनं सुरुवात केली, तशी मी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. म्हटलं, खिडकी काढ.

"काळा कागद कुठला रे, दुकानात संपलेला! वह्यांना घालतात तो खाकी, दुहेरी करून खळीनं चिकटवला. भोंगा झाला की बाबा आधी देवापुढची समई विझवायचे, आणि आई चिडायची. त्या खळीला झुरळं लागली. लढाई दोन आठवड्यांत आटपली, झुरळं पुढच्या दिवाळीपर्यंत!"

खिडकीला तिनं सहा गज काढले, मग एक खोडला. पाच की सहा, यावरून रात्री दहा वाजता दादाला फोन लागला.