वेबस्टर यांच्या रानातला जून

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकाला, ऑलिंपिक पर्वत आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत पोर्ट एंजल्स नावाचे सुमारे २०,००० वस्तीचे गाव आहे. सिॲटलच्या बाजूने येणारी बहुतेक मंडळी येथे पेट्रोल भरतात, काहीतरी खातात आणि हरिकेन रिज या डोंगरधारेच्या किंवा होहच्या वर्षावनाच्या वाटेला लागतात. गावाच्या वरच्या अंगाला, घरांच्या ओळींना लागूनच, ५ एकरांचे एक रान आहे आणि त्या रानात शिल्पे आहेत, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जूनमध्ये वर्षातला सर्वांत मोठा दिवस जवळ आला की या रानात ‘समरटाइड’ नावाचा कलामहोत्सव भरतो. त्याला तिकीट नाही, आणि ते नसण्याचा परिणाम तेथे जमणाऱ्या माणसांवर स्पष्ट दिसतो. या लेखाचे निमित्त तेच आहे.

रानाचे नाव वेबस्टर्स वुड्स. एस्थर वेबस्टर या स्वतः चित्रकार होत्या आणि त्यांचे कुटुंब गावातले वृत्तपत्र चालवत असे. त्यांच्यासाठी पॉल हेडन कर्क या वास्तुरचनाकाराने १९५१च्या सुमारास टेकडीवर एक अर्धवर्तुळाकार घर बांधले. हे घर आणि भोवतीचे रान पुढे गावाच्या हवाली झाले आणि १९८६मध्ये तेथे पोर्ट एंजल्स फाइन आर्ट्स सेंटर सुरू झाले. घर देखणे असले तरी दालन म्हणून लहानच आहे. २००० साली तत्कालीन संचालक जेक सेनियुक यांनी कलाकृती भिंतींबाहेर नेल्या, झाडांमध्ये मांडल्या आणि त्यातून हे शिल्पोद्यान उभे राहिले. ‘उद्यान’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ, कारंजे आणि चौथऱ्यावरचा पुतळा येतो. येथे यांपैकी काहीही नाही. डग्लस फरची उंच झाडे, गुडघाभर वाढलेले नेचे, मातीच्या पायवाटा आणि त्या वाटांच्या आजूबाजूला कधी समोर, कधी डोक्यावर, कधी पालापाचोळ्यात अर्धवट दडलेली शिल्पे व मांडणशिल्पे, असा हा सगळा मामला आहे.

साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने पहिल्याच वळणावर एका आडव्या ओंडक्याकडे बोट दाखवून विचारले, “हे मुद्दाम ठेवलंय, की पडलंय?” मी उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर तासभर तिने हा प्रश्न निदान पंधरा ठिकाणी विचारला असेल, आणि माझ्या मते या जागेत फिरण्याची त्याहून चांगली पद्धत नाही. कलादालनात शिरताना समोर दिसेल ती कला, असे आपण आधीच गृहीत धरलेले असते. येथे ते काम प्रत्येक झाडापाशी नव्याने करावे लागते. त्यामुळे माणूस शिल्पांइतकाच झाडांकडेही निरखून पाहू लागतो, आणि एखाद्या तुटलेल्या फांदीला त्या दिवशी जितका मान मिळतो तितका तिला एरवी मिळण्याचा संभव नाही.

रान कलाकृतीचे काय करते, हे पाहण्यासारखे आहे. वेस्टर्न रेड सीडरच्या लाकडात बुरशीला अटकाव करणारी द्रव्ये मुळातच असतात, म्हणून या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी होड्या, घरे आणि कोरीव खांब यांच्यासाठी तेच लाकूड पसंत करत आले. याउलट अल्डरचे लाकूड ओल्या जमिनीवर पडले की थोड्याच वर्षांत भुसभुशीत होते. लोखंडाची गोष्ट आणखी निराळी आहे. ज्याला कॉर्टेन म्हणतात ते पोलाद गंजाच्या पातळ थराने स्वतःचेच रक्षण करते, पण तो थर नीट धरायला ओल आणि सुकणे यांची आलटूनपालटून पाळी यावी लागते. दाट सावलीत, पानांच्या ओल्या गादीवर ते सुकतच नाही आणि गंज खोल जात राहतो. जिवंत झाडावर काही टांगायचे असेल तर तार आवळून चालत नाही. खोडाचा घेर वाढतो, तार सालीत रुतते आणि सालीखालचा जिवंत थर कापला गेला की झाड वाळते. म्हणून रुंद पट्टे वापरायचे आणि ते वेळोवेळी सैल करायचे. ही सगळी पथ्ये पाळूनही शेवाळ, गोगलगायी आणि वारा यांच्यापुढे शिल्पकाराचे फारसे चालत नाही. एका लाकडी कामाच्या खाचेत शेवाळाची जाड गादी तयार झाली होती आणि तिच्यातून बोटभर उंचीचे नेच्याचे रोप वर आले होते. त्याच्या टोकाची पाने अजून आवळलेल्या मुठीसारखी गुंडाळलेली होती. कोरणाऱ्याने ती खाच कशासाठी ठेवली होती हे आता सांगता येत नाही, आणि रोप उपटून ते पाहावे असे मला तरी वाटले नाही.

आता महोत्सवाविषयी. तो जूनमध्ये उघड्या रानात भरवता येतो याचे श्रेय ऑलिंपिक पर्वतालाच द्यावे लागेल. पॅसिफिकवरून येणारे ढग पर्वताच्या पश्चिमेला आपले ओझे उतरवतात. होहच्या खोऱ्यात वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पर्वताच्या आडोशाला असलेल्या पोर्ट एंजल्समध्ये जेमतेम ६५० मिलिमीटर. त्यात ४८ अंश अक्षांशामुळे या दिवसांत सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. अंधाराची घाई नसल्याने सगळा कार्यक्रम ऐसपैस चालतो. वादक गातात-वाजवतात, वाटांवर नव्या मांडणीची भर पडलेली असते, आणि घरासमोरच्या मोकळ्या जागेत मुलांनी व मोठ्यांनी स्वतः काहीतरी करावे म्हणून टेबले मांडलेली असतात.

माझे मन त्या टेबलांपाशी रमले. एका टेबलावर एक वयस्क स्वयंसेविका मातीच्या पोळीवर नेच्याचे पान ठेवून त्यावरून लाटणे कसे फिरवायचे ते दाखवत होत्या. जोर कमी पडला तर शिरा उमटत नाहीत, जास्त झाला तर पान मातीत घुसून फाटते. सहा-सात वर्षांच्या एका मुलीने तीन पाने फाडली. चौथ्या वेळी लाटणे बाजूला ठेवून तिने तळहाताने दाबले, आणि पान सोलून काढले तेव्हा मधल्या दांड्यापासून कडेच्या दातेरी टोकांपर्यंत सगळे लख्ख उमटले होते. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांच्या बुटांना लाकडाचा भुसा चिकटलेला होता. ते बहुधा कामावरूनच थेट आले असावेत. हे गाव लाकूडतोड आणि कागद गिरण्यांवर वाढलेले आहे, आणि अशा गावात कलादालनाचे दार ढकलून आत जाणारा वर्ग मर्यादितच असणार. पण रानात जायला कोणाला संकोच वाटत नाही. तेथे काय घालावे, किती हळू बोलावे, कोणत्या चित्रासमोर किती वेळ उभे राहावे, याचे अलिखित नियम नाहीत. तिकीट नसण्याचा खरा फायदा पैशांत मोजण्यापेक्षा या संकोचाच्या अभावात मोजायला हवा.

फुकट महोत्सव म्हटला की आपल्याकडच्या वाचकाला मुंबईचा काळा घोडा महोत्सव आठवेल. तेथेही १९९९पासून दार सर्वांना उघडे आहे आणि तेथेही पुष्कळ माणसे आयुष्यात प्रथमच एखाद्या मांडणशिल्पासमोर उभी राहतात. मात्र तेथील गर्दी आणि फोटोंसाठी लागणाऱ्या रांगा पाहता, पाहण्याचा वेग आपल्या हातात राहत नाही. पोर्ट एंजल्समध्ये गर्दी झालीच तर वाट सोडून बाकावर बसावे. मोठ्या झाडांमध्ये आवाज लवकर जिरतो.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. शिल्पे पाहण्यासाठी महोत्सवाचा दिवस सर्वांत चांगला, असे मी म्हणणार नाही. पुढे गेलेली माणसे जेथे घोळका करून उभी असतात तेथे काहीतरी आहे हे आपल्याला आधीच कळते, आणि आईच्या त्या प्रश्नातली मजा निघून जाते. काही कामे तर एकट्याने अवचित सापडावीत अशीच मांडलेली आहेत. म्हणून आम्ही उत्सवाच्या दिवशी टेबलांपाशी आणि गाण्यापाशी वेळ घालवला, आणि शिल्पांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. रान वर्षभर दिवसाउजेडी सर्वांसाठी खुले असते आणि तेव्हाही तिकीट लागत नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती देतो. सिॲटलहून बेनब्रिज बेटाकडे जाणारी बोट, मग हूड कालव्यावरचा तरंगता पूल आणि पुढे १०१ क्रमांकाचा महामार्ग, असा साधारण अडीच-तीन तासांचा प्रवास आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारी बोटीच्या रांगेचा वेळ त्यात वेगळा धरावा. महोत्सवाची तारीख दरवर्षी जाहीर होते, ती पाहून निघावे. पायवाटा मातीच्या आणि मुळांनी भरलेल्या आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना काठी आणि सगळ्यांनाच तळ न घसरणारे बूट हवेत. जून असला तरी सावलीत गारठा असतो. आईने शेवटचा तासभर माझा स्वेटर घालून काढला. आणि दारापाशी देणगीची पेटी दिसली तर तिच्यात काही टाकून यावे, कारण तिकीट नसले तरी वाटा साफ ठेवण्याचा, वाद्यवृंदाचा आणि त्या मातीचा खर्च कोणीतरी भरतच असते.