पीएलएची तिसरी फेरी आणि फोंड्याचा पाऊस

पीएलए म्हणजे थ्रीडी प्रिंटरमध्ये वापरतात ते प्लॅस्टिक. तेच वितळवून पुन्हा पुन्हा वापरून पाहतोय. तिसऱ्या फेरीचं फिलामेंट (प्रिंटरला भरवायची तार) गुंडाळून झालं की कळवतो, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. ते गुंडाळून झालंच नाही. स्पूलवर दोन वेढे बसले आणि तिसऱ्याला माडाच्या वाळक्या हिरासारखं कटकन तुटलं.

नव्यांसाठी थोडक्यात. माल म्हणजे गेल्या चवथीला मखरासाठी छापलेल्या फुलांपैकी फसलेली फुलं. एकाच स्पूलचं बिनरंगी पीएलए, त्यामुळे रंगाची भानगड नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेल्या जुन्या मिक्सरात चुरा करायचा, घरच्या एक्स्ट्रुडरमधून (चुरा वितळवून भोकातून बाहेर ढकलणारं यंत्र) १.७५ मिमीची तार ओढायची, तिच्या पट्ट्या छापायच्या, तपासायच्या आणि पुन्हा चुरा. ही झाली एक फेरी.

पहिल्या दोन फेऱ्या मार्च-एप्रिलमध्ये सुरळीत झाल्या. तिसरी जुलैत. तार तुटल्यावर मी सरळ निष्कर्ष काढला, की तीनदा वितळवलं, जीव गेला. पण मग दुसऱ्या फेरीनंतर एवढा ठणठणीत असलेला माल एका फेरीत इतका कसा कोसळला? उत्तर खिडकीबाहेर धो धो पडत होतं.

पीएलए हे पॉलिएस्टर आहे. लॅक्टिक आम्लाचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. खोलीच्या तापमानाला पाणी तिचं फारसं काही बिघडवत नाही, पण २०० अंशांच्या आसपास पाण्याचा प्रत्येक रेणू एकेक दुवा तोडू शकतो. तुटलेल्या टोकाला आम्ल उघडं पडतं आणि ते पुढची तोडफोड आणखी वेगात करवतं. वितळवण्याआधी ओलावा २५० पीपीएमच्या खाली हवा असं म्हणतात. म्हणजे किलोमागे पाव ग्रॅम, पाचेक थेंब! आमच्याकडे जुलैत मीठसुद्धा बरणीत पाझरतं. त्यात चुऱ्याचा पृष्ठभाग अखंड तारेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे ओल धरायला आयतंच.

म्हणून तिसरी फेरी पुन्हा केली. दुसऱ्या फेरीचा उरलेला चुरा दोन भागांत वाटला. एक तसाच वापरला. दुसरा आईच्या फणसाची साटं वाळवायच्या विजेच्या पेटीत ५० अंशांवर रात्रभर ठेवला. जास्त तापवू नका, ६० अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि चुऱ्याची ढेप होते. (मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेलं फूल कसं लोळतं ते ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको.)

वितळलेला माल किती पातळ होतो ते मोजायला लेथवाल्याकडून पितळी नळी आणि दट्ट्या करून घेतलाय. २१० अंश, वर २.१६ किलो वजन, दहा मिनिटांत खालून किती ग्रॅम ओघळतं ते पाहायचं. नवा माल ५, दुसरी फेरी ९, वाळवलेली तिसरी १२, न वाळवलेली तिसरी ३१. माझं यंत्र घरगुती आहे, तुमच्या आकड्यांशी ताडू नका. पण एकाच यंत्रावर १२ आणि ३१ हा फरक मोजण्यातली चूक म्हणून झटकता येत नाही. साखळ्या तोकड्या झाल्या की रस पातळ होतो, एवढंच ते आहे.

खरी गंमत पट्ट्यांत. दोन टोकांवर टेकवून मधोमध अर्धा किलो टांगला, तर चारही पट्ट्या जवळजवळ सारख्याच वाकल्या. ताठपणा कमी होतच नाही! हातात घेऊन कुणीही म्हणेल, छान आहे. वजन वाढवत नेलं तेव्हा नवी पट्टी पुष्कळ वाकली, पांढरी पडली, मग गेली. न वाळवलेली काही न सांगता तुटली. म्हणून ‘कडक वाटतंय, चालेल’ या परीक्षेवर माझा आता विश्वास नाही. हुक, बिजागरी, क्लिप असल्या वस्तू पुनर्वापराच्या मालातून छापू नका.

आणखी एक निरीक्षण. जाड तुकडा सावकाश थंड केला की नवा माल पारदर्शक राहतो, तिसऱ्या फेरीचा दुधाळ होतो. आखूड साखळ्या पटकन रांगेत बसतात, स्फटिक धरतात. थोडा पिवळसरपणाही आलाय.

शेजारच्या काकांनी विचारलं, “मक्याचं ना हे? मग माडाच्या आळ्यात पुरून टाक की.” दोन वर्षांपूर्वी तेही केलंय. परवा उकरलं तर फूल जसंच्या तसं, फक्त मातीने माखलेलं. पीएलए कुजायला मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातली ५५-६० अंशांची ऊब लागते, ती आळ्यात कुठून येणार? मक्यापासून केलेलं आणि मातीत मिसळणारं या दोन वेगळ्या गोष्टी. उसापासून केलेलं पॉलिइथिलीन तर साध्या पॉलिइथिलीनइतकंच चिवट असतं.

सध्या वाळवलेल्या तिसऱ्या फेरीचा ३० टक्के आणि नवा ७० टक्के अशी मिसळ करून यंदाच्या मखराची फुलं छापतोय. प्रिंटरच्या नॉझलचं (तोटीचं) तापमान २१० वरून १९५ अंशांवर आणावं लागलं, नाहीतर तंतू सुटतात. न वाळवलेला माल डब्यात बंद आहे. चौथी फेरी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. तोवर वाळवायला दुसरं काहीतरी शोधायला हवं, कारण प्लॅस्टिक ठेवलेल्या पेटीत आई आता साटं घालायला तयार नाही.